खाणारे दोघंबी, जवारी माझी

…मग उंदीर तेवढा चोर अन् हे पाखरू पाव्हणा, असं का बरं? तुम्हाला सांगते, पडेगावच्या शिवारात राबले मी, वर्षाची भाकर त्या कणसांवर. उंदीर कणसं तोडून बिळात नेतो, तर म्हणं उपद्रव. हिरवी मुनिया त्याच कणसावर बसून दाणे टिपती, तर म्हणं हळू बोला, वच्छलाबाई, उडून जाईल! खाणारे दोघंबी, जवारी माझी, हे कुणी बघतंय का?

शहरातनं पाखरांचा अभ्यास करणारे जब्बार सर आले, मागं दुर्बिणीवाले. बांधाकडंच्या जवारीच्या ताटांत मुनियाचं घरटं घावलं. म्हणाले, देशात लई थोड्या राहिल्या. बरं बाबा, राहिल्या असतील! पण आमचे मालक… जन्म गेला माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकलण्यात, त्यांच्या हातची गोफण काढली अन् डोक्यावर टोपी घातली, पक्षीमित्र! अन् मालकबी असे, टोपी घालून सासुरवाडीला जाऊन आले.

मी बिळांत औषध घालाया निघाले, तर जब्बार सर हात जोडून आडवे. "मौसी, दवा नक्को डालो. चिडिया खा को मर जाती." नाय घातलं. काढणीबी थांबवा म्हणाले, पिल्लं उडू द्या. थांबवली. शेजाऱ्यांची जवारी घरात पडली, माझी एकटीचीच उभी, मग शिवारातले उंदीर जातील कुठं? आले की वऱ्हाड आल्यासारखे! खाणारे दोघंबी, जवारी माझी…

अन् परवा काय झालं? उंदीर ताटावर चढला, मुनियाची अंडी खाऊन गेला. घरटं रिकामं. जब्बार सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, मलाबी लई वाईट वाटलं, रोज सकाळी बारीक आवाजात गायची बिचारी. पण सर मला म्हणत्यात काय?

"मौसी, चूहों को मारे कायकू नहीं?"

माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! हातात विळा होता, तो आधी खाली ठेवला.

पण दिवसभराची उपाशी माणसं, भाकर मागितली तर नाय कसं म्हणायचं? चूल पेटवली, थापल्या. एक दुर्बिणीवाला मिटक्या मारत म्हणतो, मावशी, घरच्या जवारीची चवच न्यारी! म्हटलं, घरची कुठली बाबा, शहागंजच्या बाजारातनं विकत आणली. वाढू का अजून?

आता खाणारे तिघं झाले, जवारी तेवढी माझी राहिली नाय.