खिडकीतून धरलेली जागा

—न्हाई ताई, काय बी म्हना, पन लेकराला खिडकीतून आत सोडू नका. गेली तर गेली गाडी, जिंतूरला दुसरी येतीच पाऊन तासात. हां, मालूम हाय मला, माझ्यामुळंच चुकली तुमची, मी तुमचा हात धरला — म्हाताऱ्यानं परक्या बाईचा असा हात धरू नये, गलती झाली — पन तुमी तिला बगलंत धरून उचललं अन् तिचा एक पाय आत गेला, ते बघून मला राहवंना. बसा हितं. सावली हाय. ष्टँडचं बांधकाम होईस्तोवर हेच एक बाकडं हाय बसायला. काय नाव पोरीचं? भक्ती. चांगलं हाय. चार वर्सांची असंल? पाच. हां… पाचच.

रागावलात. रागवा, तुमचं बरोबर हाय. म्हनाल, ह्या म्हाताऱ्याचं काय घेतलं होतं, सगळेच तर सोडतेत. सोडतेत ना, मी कुठं न्हाई म्हनतो. आधी रुमाल टाकायचे, मग टोपी, मग पिशवी — अन् आता रुमाल उचलून बाजूला ठेवनारे निघाले, म्हनून लेकरू टाकायचं. लेकराला कोन उठवतंय? मी बी टाकलं होतं. नात माझी, पिंकी. मुलगा सिद्धोधन जिंतूरला मास्तर हाय, आमी हितं परभनीत — मी शाळेत शिपाई होतो, आता रिटायर. तर सात वर्सं व्हायली, चौदा एप्रिलच्या जयंतीला आनलं होतं पोरीला, चार दिस ठेवली अन् परत सोडायला निघालो, मी अन् आमची मंडळी, सुलाबाई. साडेतीनची जिंतूर गाडी त्या तिथं लागायची बघा, त्या खांबापाशी, आता पत्रे ठोकलेत तिथं. वीस वर्सं तिथंच लागायची. पन शहर वाढायलंय ना ताई, सगळंच सरकायलंय — मंडई सरकली, अॅटो कुठून भेटंल सांगता येत न्हाई — तसे गाड्यांचे फलाट बी बदलले होते, आठच दिसाखाली. मला काय मालूम? अन् बोर्ड कशाला वाचतो मी? वीस वर्सांची जागा. गाडी येताना दिसली, पळालो, पिंकीला उचललं अन् दिलं आत सोडून. म्हनलं, हितंच बस, कोनाला जागा देऊ नको, आजोबा आलाच. अन् दारापाशी येतो तर ही गर्दी — ढकलाढकली, चप्पल तुटली माझी, मी चढस्तोवर गाडी हालली बी. गंगाखेडची होती.

सापडली, सापडली ताई, घाबरू नका. लगेच भक्तीला जवळ ओढलंत. बारा वर्सांची हाय आता, मम्मीएवढी उंच झाली म्हनं. ड्रायव्हरचा काय दोष न्हाई, त्यानं त्याच्या येळेवर गाडी काढली, अन् कंडक्टर तर देवमानूस — तिकिटं काढता काढता त्याच्या ध्यानात आलं, तवर गाडी लय पुढं गेलेली. गंगाखेडला उतरवून हापिसात बसवली, बिस्कीट दिलं, बापाचं नाव काढून घेतलं. आमी पोचलो तर तो म्हनला, काका, पोरगी रडली न्हाई, पन सीटवरून उठंना. म्हनला, गाडी सारी रिकामी, म्हनलं पुढं ये बाळा, माझ्याजवळ बस, तर खिडकीच्या गजाला धरून बसली, म्हनली आजोबाची जागा हाय. फराक ओला झाला तरी उठली न्हाई.

काय? काय म्हनलात? …हां. रिकामी म्हनलो मी.

न्हवती गर्दी. दहा-बारा मानसं असतील. आता तुमच्याशी काय खोटं बोलायचं, तुमी कोन, मी कोन, पुढच्या गाडीनं जाल निघून. चप्पल बी तुटली न्हवती. सुलाबाई म्हनली होती — अवं, गाडी मोकळीच हाय, मी पानी घेऊन येते, मग सगळे दारातून जाऊ, तिला एकलीला नका सोडू. अन् ती बाटली भरायला गेली. पन हाताला सवय असती ना ताई, खिडकी दिसली की काय तरी आत टाकायचंच. अन् एकदा का जागा धरली की मानूस कसा निवांत होतो, आता काय, गाडी आपलीच. तेवढ्यात आमच्या शाळेतला बन्सीधर भेटला, म्हनला दत्तराव, चहा घ्या. घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून घेतला ताई. सुलाबाई आली, म्हनली पिंकी कुठाय? म्हनलं, गाडीत हाय, जागा धरून. तर म्हनली, कोनत्या गाडीत?

पानी हाय का तुमच्याजवळ? न्हाई न्हाई, ऱ्हाऊ द्या, पोरीला लागंल.

मग सिद्धोधन आला गंगाखेडला, संगं सून, राजेश्री. पोरीला छातीशी धरलं तिनं अन् विचारलं, हिला खिडकीतून कोनी सोडलं? अन् मी… मी म्हनलो, तुझी सासूच म्हनली, जागा धरा, माझे गुडघे दुखतेत. एवढंच. तोंडातून निघून गेलं. मला वाटलं सुलाबाई आता म्हनंल, खोटं कशाला बोलता? तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, मग खाली बघितलं. राजेश्री म्हनली, आत्याबाई, आता पोरगी तुमच्या हाती द्यायची न्हाई. सुलाबाई म्हनली, बरं.

मी सांगनार होतो. वाटंतच सांगनार होतो, मग म्हनलं घरी गेल्यावर, मग म्हनलं सुनंचा राग जरा उतरू द्या. एकदा बोलायला बसलो तर सुलाबाईच म्हनली, ऱ्हाऊ द्या आता, तुमच्याशी तरी बोलायलेत ना. कारन पिंकीचा फोन यायचा दर ऐतवारी — मला. माझ्यावर कोनाचा राग न्हवता. आजोबा, जेवलात का, शाळेत असं झालं, तसं झालं. मी स्पीकर लावायचो अन् सुलाबाई बाजूला ज्वारी निवडत बसायची, हात थांबलेले. श्वास बी हळू घ्यायची, तिकडं कळू नये म्हनून. अन् दर जयंतीला एक पांढरा फराक शिवायची, माप कुठलं, निस्त्या अंदाजानं, दर वर्सी चार बोटं वाढवून. सहा झाले. हे काय, ह्या पिशवीत हायत. गेल्या पावसाळ्यात गेली ती. मातीला राजेश्री आली, पिंकीला न्हाई आनलं, चाचनी होती म्हनं.

तेव्हापासून दर ऐतवारी पिशवी घेऊन हितं येतो. जिंतूरला जायचं, फराक द्यायचे, राजेश्रीला खरं काय ते सांगायचं. अन् चार गाड्या डोळ्यादेखत सोडून घरी जातो. घरी मनाला सांगतो, आता सुलाबाईला त्याचं काय, अन् राजेश्रीच्या जिवाला कशाला घोर लावायचा. पन ते खरं न्हाई ताई. सांगितलं की फोन बंद व्हईल. म्हनून न्हाई सांगत. सुलाबाईच्या वाट्याचं होतं ते सगळं मीच खाल्लं, अन् अजून बी खायलोय, अन् सोडवत न्हाई मला.

थांबा. वाजायलाय. तीच हाय.

हां बाळा… जेवलो… भाकर, अन् भेंडी केली… ष्टँडवर हाय जरा… न्हाई, एक ताई हायत हितं, त्यांच्याशी बोलायलो… मी? बघू ना, येईन की एखाद्या दिशी… मम्मी हाय का जवळ? दे बरं… हां, राजेश्री… न्हाई, तब्येत बरी हाय… ते, म्हनलं… तुझ्या आत्याबाईचं जरा… न्हाई न्हाई, काय न्हाई. सहजच दे म्हनलो. ठेवतो.

लागली वाटतं गाडी तुमची. माझ्याकडं काय बघायलात, ताई? जावा.