त्र्यंबकरावांची खंत, दहापैकी नऊ

मंडळी, कीर्तन सुरू करतो, जरा पुढं सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ दे. एक विचारतो — मनातलं सगळं वहीत उतरवलं, म्हणजे माणूस सुटला का? माना हलवू नका, आधी ऐका!

मिरजेत त्र्यंबकराव म्हणून एक गृहस्थ. निवृत्त झाले, रिकामा वेळ खायला उठला, आणि कुठल्याशा शिबिरात शिकून आले — रोज भावना लिहा, त्यांना गुण द्या. झालं! रागाला लाल शाई, दुःखाला निळी. बायकोनं विचारलं, "आमटी खारट झालीय का हो?" तर म्हणाले, "थांब, आधी चीड किती आली ते लिहितो." आमटी निवून गेली! तबलजी हसताहेत. हसा — तुमचा मोबाइल तुमची पावलं मोजतोय, ठाऊक आहे मला.

या त्र्यंबकरावांना एक धाकटी बहीण, वत्सू. आईच्या तेराव्याला, तिची अन्नपूर्णेची मूर्ती कुणाकडं राहणार यावरून दोघांत शब्दाला शब्द वाढला. हे म्हणाले, "पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही." आणि दार कुठं? मंडईपलीकडं! भाऊबीज आली, हे गेले नाहीत. वहीत मात्र लिहिलं — 'वत्सूची आठवण. खंत, दहापैकी नऊ.' लिहिलं की कसं हलकं वाटायचं हो! मग स्वारी फराळाला बसायची. अशी सहा वर्षं गेली.

सातव्या भाऊबिजेला, दिवेलागणीला, वत्सूच तबक घेऊन दारात. त्र्यंबकरावांना गहिवरून आलं. पण सवय! हात गेला वहीकडं.

"दादा, काय लिहितोस?"

"तुझ्याबद्दलच गं. बघ, दरवर्षी लिहिलंय." मोठ्या कौतुकानं पानं दाखवली. आता ही विरघळणार, अशी खात्री!

वत्सूनं सहाही पानं वाचली. म्हणाली, "दादा, यातलं माझ्या घरी काय पोचलं रे? भाऊ आला नाही की चंद्राला ओवाळतात. सहा वर्षं अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळलं मी. तो निदान येतो तरी."

त्र्यंबकरावांनी वही मिटली. पाट मांडायला उठले, तर ती म्हणाली, "इथं नाही ओवाळणार. माझ्या घरी ये." आणि पायऱ्या उतरली.

मंडळी, गृहस्थ अनवाणी निघाला तिच्यामागं. त्या दिवसाचं पान कोरं राहिलं, आणि तेवढंच एक पान खरं.

आत्ता तुमच्याही मनात कोणीतरी आलं. डोळे पुसताय, दिसतंय मला. अहो, पुसून काय होणार? आरती आम्ही करू. तुम्ही उठा, जा!