उंबऱ्यावरचा चर

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं.

माननीय अध्यक्ष, वनखात्याचे वरिष्ठ अधिकारी, ही वेळ मी आधी सांगून घेते आणि नमस्कार नंतर करते. नमस्कार केला की माणूस मवाळ होतो, आणि मला इतक्यात मवाळ व्हायचं नाही. आता नमस्कार. आजचे सत्कारमूर्ती, तीन दिवसांपूर्वी निवृत्त झालेले वनपरिक्षेत्र अधिकारी रामलिंग बिरादार साहेब, सौ. बिरादार वहिनी, व्यासपीठावरचे सरपंच आणि मच्छीमार सोसायटीचे पदाधिकारी, समोर बसलेले कोळदऱ्याचे गावकरी, नांदेडहून आलेली आमची गळवाली मंडळी, आणि मागे दाराशी उभे असलेले वनरक्षक नागसेन, ज्यांना खुर्ची मिळालेली दिसत नाही. कुणीतरी त्यांना खुर्ची द्या. मी थांबते.

दिली. आभारी आहे.

मी उज्वला सोनकांबळे. चौतीस वर्षं नांदेडला भूगोल शिकवला. जन्म रेणापूरचा, शाळा सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटची, कारण वडील रेल्वेत होते. तिथल्या सिस्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. ताठ बसायचं, आणि चूक झाली तर उभं राहून सांगायची. ताठ बसणं आता कमरेला झेपत नाही. दुसरी गोष्ट करायला आज आले आहे. मला तीन मिनिटं दिली आहेत असं कळलं. वर्गात हजेरीलाच मला तीन मिनिटं लागत.

कोळदरा तलाव इथे बसलेल्या सगळ्यांनी पाहिला आहे. पण फेब्रुवारीतल्या पहाटे मागच्या अंगाला, जिथे पाणी रानात शिरतं, तिथे किती जण बसले आहेत? पाणी दिसतच नाही. पांढरा धूर जमिनीवर बसल्यासारखा असतो, आणि त्यावर बाभळींचे शेंडे बुंध्याशिवाय तरंगतात. एखादा बगळा खाकरतो तो इतक्या जवळून की आपण अंग चोरतो, आणि धुकं विरल्यावर पाहावं तर तो पार पलीकडच्या काठावर. वडिलांची बांबूची काठी आणि गळ घेऊन मी तिथे चाळीस वर्षं रविवार काढले. मासे किती मिळाले ते कृपया विचारू नका. एकदा आमिष लावायचंच राहिलं आणि दुपारपर्यंत मी तशीच बसले होते. फार चांगला दिवस गेला तो.

तर त्या रविवारी, सहा वाजून वीस मिनिटांनी, मी नेहमीच्या वळणावर आले आणि समोर लोखंडी फाटक. साखळी, कुलूप, आणि पाटी: पक्षी संवर्धन क्षेत्र, प्रवेश बंद. फाटकाशी नागसेन उभे होते.

मी विचारलं, "कुणाच्या हुकमानं?"

"साहेबांच्या, मॅडम."

"आणि साहेबांना ही अक्कल कुणी दिली?"

साहेब, माफ करा, पण हे शब्द मी वापरले. नागसेननी जरा घुटमळत मोबाईल काढला, एका कागदाचा फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "मॅडम, ही सही तुमचीच हाय ना?"

माझीच होती. नांदेडच्या नऊ गळवाल्यांचा अर्ज. पहिली सही माझी, आणि मजकूरही माझा, कारण आमच्यात शुद्धलेखन माझं बरं आहे. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. 'दर फेब्रुवारीत पहाटेच्या वेळी काही इसम बेटालगतची जमीन फावड्यांनी उकरताना आढळतात. हा शिकारीचा किंवा बेकायदा मासेमारीचा प्रकार असावा, तरी अशा लोकांना त्वरित प्रतिबंध करावा.' अशा लोकांना. म्हणजे आम्ही तशातले नव्हतो. आमच्या गाड्या होत्या, टोप्या होत्या, आम्ही मासा धरून पुन्हा पाण्यात सोडत होतो. फाटक मात्र सगळ्यांसाठी सारख्याच उंचीचं निघालं.

ते इसम मी खरोखर पाहिले होते, अगदी वर्षानुवर्षं. दहा-अकरा जण, एका ओळीत, धुक्यातून कमरेच्या वर तेवढे दिसणारे. कुणी कुणाशी बोलत नसे. माणूस वाकून उठायचा, आणि फावड्याचा आवाज पाण्यावरून मागाहून यायचा. झोपेत पाहावं तसं ते दृश्य होतं आणि मला ते आवडायचं. तरी मी त्याची तक्रार केली. चाळीस वर्षांत भूगोलाच्या बाईंना एकदाही वाटलं नाही की काठाकाठानं चालत जावं आणि विचारावं, काय करताय?

पाहुण्यांसाठी थोडा भूगोल सांगते. मागच्या पाण्यात एक टेकाड आहे. तलाव भरलेला असतो तोवर त्याचं बेट असतं. नदी सुरय नावाचे पक्षी, पांढुरके, पिवळ्या चोचीचे, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखे, त्या टेकाडावर उघड्या जमिनीत अंडी घालतात. घरटं म्हणाल तर गाईच्या खुराएवढा खळगा. फेब्रुवारीत पाणी उतरू लागलं की टेकाड आणि काठ यांच्यामध्ये जमिनीचा एक पट्टा वर येतो. गाव त्याला उंबरा म्हणतं. उंबरा उघडा पडला की काठावरून कुणीही चालत टेकाडावर जाऊ शकतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मला शेषेरावदादांचा फोन आला. ते पहा, तिसऱ्या रांगेत, पागोटेवाले. दादांचं शेत फाटकाच्या बाहेर, पलीकडच्या काठाला आहे. तरुणपणी पंचक्रोशीत यांच्यासारखा शिकारी नव्हता. तित्तर, ससे, रानडुक्कर, काही सोडलं नाही. शिकारीवर बंदी आली तेव्हा बंदूक ठाण्यात जमा केली, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. फोनवर इतकंच म्हणाले, "बाई, पाखरं रडून राहिलीत. येऊन बगा."

मी गेले. भर उन्हात दोनशे पक्षी टेकाडावर घिरट्या घालत होते आणि खाली एकही बसत नव्हता. कुणीतरी पत्रं फाडून वाऱ्यावर सोडावीत तसं ते पांढरं पांढरं वर फिरत होतं. दादा आपल्या बांधाखाली, काठाच्या चिखलावरचे ठसे पाहत उकिडवे बसले होते.

"कोल्हा न्हाई," ते म्हणाले. "कोल्ह्याचं पाऊल एका रेघंत पडतं. ही गावातली कुत्री हायती. पाच."

"दादा, इतकं कसं कळतं तुम्हाला?"

"मारलेत म्हून कळतं." मग उठता उठता म्हणाले, "औंदा चर खंदला न्हाई ना. दुसरं काय होनार?"

"कसला चर?"

दादांनी हातांची माती झटकली. "बाई, चाळीस वर्सं हितं बसून तुमी बगितलं काय वो?"

त्या आधीच्या वर्षी साठाच्या वर घरटी होती, आणि खात्याच्या अहवालात त्याचं श्रेय काठावर आधीपासून लावलेल्या सूचनांच्या पाट्यांना दिलं होतं. गेल्या वर्षी एकही पिल्लू उडालं नाही.

जूनमध्ये बिरादार साहेबांनी सगळ्यांना शाळेत बोलावलं. पालकसभा मी पुष्कळ पाहिल्या, पण अशी सभा पाहिली नाही. आमचे गळवाले म्हणाले, जाळ्यांनी तलाव संपवला, जाळी बंद करा आणि आम्हाला आत सोडा. सोसायटीवाले म्हणाले, पोट आमचं आणि हौस तुमची, तुम्हीच बाहेर राहा. कुणीतरी शेषेरावदादांकडे बोट दाखवून म्हणालं, जुन्या शिकाऱ्याला पाखरांचा इतका पुळका कसा? त्यावर दादा शांतपणे म्हणाले, "तुला बदक आन् पाणकोंबडी वळखू येती का रं? आदी वळखून दाव, मंग बोल." आणि सरजाबाई, सोसायटीतले जुने मच्छीमार मारोतीमामा यांच्या मंडळी, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी मासा धरता, फोटू काढता आन् सोडून देता. मंग त्याला तरास कशाला दिला वो बाई?" बायबलपासून भूगोलापर्यंत मी खूप वाचलं आहे. हा प्रश्न त्यात कुठेही नव्हता.

बिरादार साहेबांचा चहा तोवर गार झाला होता. ते कुणावर ओरडले नाहीत. मारोतीमामांना त्यांनी विचारलं, "मामा, हे खणणं तुम्ही खात्याला कधी सांगितलं का नाही?"

मामा म्हणाले, "सांगून काय करता साहेब? सरकारी जमीन खंदली म्हून केस झाली आसती."

"किती वर्षं खणताय?"

"माझ्या बापानं सुरू केलं. तलाव झाला त्याच्या तिसऱ्या साली."

"कशासाठी?"

मामांना हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. "मासा कुठं हाय ते आमच्या आदी त्या पाखरायला कळतं. तेंच्या मागं मागं आमी जाळं टाकतो. तेंची पोरं जगली तं आमचीबी जगतेत की."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उंबऱ्यावर घोटाभर पाणी उरलं की दोन पहाटे आडवा चर खणायचा, म्हणजे पाणी उतरलं तरी चरात राहतं आणि कुत्री-कोल्हे टेकाडावर जात नाहीत. चपला काठावर ठेवायच्या. बोलायचं नाही, कारण पक्षी जागा निवडत असतात. माती टेकाडाच्या अंगाला टाकायची. काठाच्या अंगाला टाकली तर पहिल्या वाऱ्यात ती परत चरात येते. आणि पिल्लं उडेपर्यंत टेकाडापासून नजर पोचेल तिथवर जाळं टाकायचं नाही. मच्छीमार आणि हा एक जुना शिकारी, इतक्या वर्षांत या लोकांनी एकही पाटी लावली नव्हती.

तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, तो अर्ज मी लिहिला. सरजाबाई म्हणाल्या, "कळलं. बसा आता, कमर दुखंल."

आता सत्कारमूर्तींविषयी दोन शब्द. चूक उघडी पडली की अधिकारी सहसा फाईल जाड करतो. बिरादार साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पॅन्टचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि मारोतीमामांबरोबर उंबऱ्यावर उतरले. चर कुठून कुठे जातो, किती रुंद, किती खोल, हे मामा पायानं दाखवत होते आणि साहेब वहीत काढत होते. किल्लारीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा असल्यामुळे चिखलात कसं उभं राहायचं ते त्यांना माहीत होतं. माझ्यावर ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, अर्ज तुम्ही केला, पण जागेवर न जाता फाटक मी लावलं. आपण दोघं मिळून निस्तरू." गुरुवर्गात मी असं बोलणारी माणसं फार थोडी पाहिली, आणि सरकारात ही पहिलीच.

त्यांनी नकाशासह शिफारस वर पाठवली. पहिलं पत्र २० जूनला, दुसरं ऑगस्टमध्ये, तिसरं नोव्हेंबरमध्ये. फाटक लावायला त्यांची सही पुरली होती. उघडायला ज्यांची लागते ते आज आपले अध्यक्ष आहेत. महोदय, पत्रं आपल्याकडे आहेत, आपण आज इथे आहात, आणि मघाशी आपल्या भाषणात साहेबांच्या कर्तव्यनिष्ठेबद्दल आपण फार सुंदर बोललात. त्यांच्या तीन पत्रांना एका कागदाचं उत्तर द्यायला सहा महिने का पुरले नाहीत, हे मात्र राहून गेलं.

माझ्यासाठी फाटक उघडा असं मी म्हणत नाही. गळवाल्यांनी आत जावं की नाही, जाळी किती असावीत, हे भांडण आम्ही पुढे निवांत भांडू. माणसं दोन्हीकडे तयार आहेत. आम्ही मागतो ते दोन पहाटेंपुरतं आहे. बारा माणसं, बारा फावडी. गळ नाही, जाळं नाही, मोबाईलसुद्धा नाही. काठावर नागसेननी उभं राहून मोजून घ्यावं.

शाल आणि श्रीफळ झालेलंच आहे. सरजाबाई, ते आणा आता.

साहेब, हे फावडं सोसायटीकडून. बाभळीचा दांडा शेषेरावदादांनी स्वतः तासला आहे. जरा जड आहे, जपून. बारा जणांच्या यादीत पहिलं नाव मारोतीमामांचं, अकरावं माझं. बारावं नाव बिरादार साहेबांनी काल स्वतःच्या हातानं लिहिलं आणि हुद्द्याची जागा कोरी सोडली. ज्यांची परवानगी आम्ही मागायचो ते आता आमच्याबरोबर परवानगी मागत आहेत.

काल संध्याकाळी मी दादांच्या बांधावर बसले होते. पक्षी आले आहेत. अजून जोड्या जमलेल्या नाहीत, नुसते टेकाडावरून पाण्यावर आणि पाण्यावरून टेकाडावर जात होते, आणि ऊन उतरत गेलं तसे पंख आधी पिवळे झाले, मग करडे, मग दिसेनासे. त्यांच्याखाली उंबरा पाण्यात निजलेला होता. दादा म्हणाले, गुडघाभर असंल. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते घोटाभर होईल, आणि त्यानंतर आठ दिवसांत उंबरा कोरडा. पाच कुत्री गावातच आहेत, आणि त्यांना आता वाट माहीत आहे.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल ऋणी आहे. संयोजकांनी मला बोलावण्याचं धाडस केलं, त्यांची विशेष आभारी आहे. बिरादार साहेब आणि वहिनींना निरोगी, चिखलानं माखलेलं दीर्घायुष्य लाभो. बोलताना कुणाला लागलं असेल तर वयाकडे पाहून पोटात घाला. शिक्षिकेची जीभ निवृत्त व्हायला उशीर लागतो.

अध्यक्ष महोदय, यादी आणि नकाशाची प्रत आपल्यासमोर ठेवते. उत्तर लेखी हवं. 'हो' असेल तर दोन ओळी पुरतील. 'नाही' असेल तर कारण लिहा, आणि मला सरजाबाईंना वाचून दाखवता येईल इतक्या सोप्या मराठीत लिहा. शनिवारी आपलं कार्यालय बंद असतं, म्हणून शुक्रवार धरते. शुक्रवार, ३० जानेवारी २०२६, संध्याकाळी पाचच्या आत.