खंडेनवमीचा धूर

जबाब, दि. २५/१०/२००१

माझे नाव गुरुसिद्ध शिवलिंग घुगरे, वय ७१, धंदा पूर्वी कापड दुकान, आता काही नाही, रा. शनिवार पेठ, कोल्हापूर. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मला जुन्या बांधकामांचे फोटो काढण्याची आवड आहे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होऊन सगळे कारखाने बंद असतात. एरवी त्या भागात घणांच्या आवाजात पाटाचे पाणी ऐकू येत नाही, म्हणून मी मुद्दाम आजच सकाळी निघालो. जुन्या गिरणीच्या कमानी, दगडी टाकी असे फोटो काढत पाटापर्यंत आलो.

पाटाला ओतीव लोखंडाचे दार होते, त्यावर कमळ. शाळेत असताना आम्ही दाराशेजारच्या कठड्यावर बसून कविता पाठ करत असू. कोणत्या, ते मला विचारलेले नाही. रविवारी मी त्या दाराचा फोटो कॅमेऱ्यातल्या याच रोलवर काढला होता. आज दार जागेवर नव्हते. दगडातल्या खाचांच्या कडा ताज्या फुटलेल्या होत्या. चिखलात काही ओढत नेल्याची खूण पलीकडच्या, लोखंड वितळवून ओतणाऱ्या फौंड्रीच्या मागच्या फाटकापर्यंत गेली होती. मी खाचांचा व खुणेचा फोटो काढला.

त्या वेळी फौंड्रीच्या धुरांड्यातून धूर निघत होता. आभाळात तो फार सुरेख, अगदी कवितेतल्यासारखा दिसत होता, म्हणून त्याचाही काढला. आज कोणी भट्टी पेटवत नाही, हे माझ्या नंतर ध्यानात आले.

इतक्यात फौंड्रीचे मालक बाळासो व राखणदार केरबा बाहेर आले. बाळासो म्हणाले, "पावणं, कुणी धाडलंय तुमास्नी?" कोणी नाही, असे मी सांगितले. केरबा म्हणाला, "मालक, ह्ये म्हातारं रविवारी बी आलतं की." बाळासोंनी कॅमेऱ्याचा पट्टा धरून रोल मागितला. मी दिला नाही. तेव्हा, पाटाचं दार चोरणाऱ्यांचा टेहळ्या हाच, असे म्हणून त्यांनी मला जीपमध्ये घालून येथे आणले. दार गेल्याचे मी तोवर तोंडातून काढले नव्हते.

येथे बाळासोंना चहा आला. हवालदारसाहेब कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडून फोटो बघू म्हणाले. उजेड लागला की रोल जातो, असे मी सांगितले. बाळासो म्हणाले, "उघडा की साहेब. दूध का दूध हुईल."

तेव्हापासून कॅमेरा माझ्या मांडीवर आहे. रोल माझ्यासमोर स्टुडिओत धुवावा. मी बरोबर चालत येईन. तोवर हातचा सोडणार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात वरचे धुराचे कलम आले नव्हते. चष्मा लावून मी स्वतः वाचला, तरी दिसले नाही. माझ्या सांगण्यावरून ते समासात लिहिले असून त्याच्यापुढे मी वेगळी सही केली आहे. आता जबाब बरोबर आहे.

(सही) गु. शि. घुगरे