रिकामी खुर्ची

दवाखान्यात एकच खुर्ची रिकामी होती. शेजारी विणत बसलेल्या बाईंच्या कानावर बोलणं आलं, तशी त्यांनी मान वर केली. दोन म्हातारे उभे होते. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याचा पाय लाकडी.

“बसा, साहेब.”

“तू बस. पाय तुझा गेलाय.”

“गेलेला पाय दुखत नाही. तुमचे गुडघे दुखतात.”

“कॅप्टन, हुकूम आहे. बस.”

“लढाईत म्हटलं होतं, मला टाकून पुढे जा. ऐकलंत? पाठीवर घालून आणलंत.”

“तुझं ऐकायला मी काय तुझ्या हाताखाली होतो?”

“आता मीही तुमच्या हाताखाली नाही. दोघंही रिटायर झालोय.”

“मग अजून साहेब कशाला म्हणतोस?”

“ते कुणाच्या हुकमानं म्हणत नाही. बसा, साहेब.”