झाडलेली जागा

(तुमकूर रोड, बेंगळुरूच्या जरा अलीकडे. गाडी मकरंद चालवतोय. शेजारी त्याची बायको नयना; मागे तिचे वडील सूर्यकांत आणि त्यांना टेकून झोपलेली छोटी आर्या. समुद्रकाठी तंबूत राहून सगळे परतताहेत.)

नयना : खिडकी उघड म्हटलं ना.

मकरंद : पाऊस आत येईल. आर्या भिजेल.

नयना : भिजू दे, धुतली तरी जाईल. मघाशी तिच्या केसांतून माशाचे खवले काढले मी. बोटांचा वास जात नाहीये, आणि याच बोटांनी उद्या कणीक मळायची.

मकरंद : बरं, थोडी उघडतो.

नयना : उघडली की पाऊस, मिटली की सुकट. तिकडेही तेच. ऊन पडलं म्हणून बाहेर यावं तर सर, आत शिरावं तर परत ऊन. उपम्यातली वाळू अजून दाताखाली कचकचतेय.

मकरंद : वेदर काय माझ्या हातात होतं?

नयना : जागा होती ना? एवढा किनारा मोकळा पडलेला, आणि तुला मासे वाळवायची जागाच सापडली तंबू ठोकायला.

मकरंद : तिथे बोर्ड नव्हता. इतकी सपाट, क्लीन जागा. मला वाटलं, परफेक्ट.

सूर्यकांत : सपाट असणारच. त्या बायका रोज सकाळी झाडतात ती.

नयना : तुम्हाला माहीत होतं, अप्पा?

सूर्यकांत : पहिल्या संध्याकाळीच कळलं. एक म्हातारी अक्का आली होती. म्हणाली, अण्णा, इथं आम्ही मासळी पसरतो, स्वल्प पलीकडं सरका.

मकरंद : मग तुम्ही काय म्हणालात?

सूर्यकांत : म्हटलं, तंबू माझा नव्हे, जावयाचा. त्याला सांग.

मकरंद : ती मला काहीतरी सांगत होती खरी. मला कुठे कन्नड येतं? मी आपला सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणत राहिलो.

सूर्यकांत : ऐकलं मी. तिनं दोन दिवस वाट बघायची थोडीच? सकाळी तंबूला धरून चारी बाजूंनी पसरली मासळी.

नयना : आणि तुम्ही गप्प बसलात. सर आली की त्या बायका मासळी गोळा करून आपल्याच तंबूच्या कडेला ताडपत्रीखाली सारायच्या. त्याचं पाणी माझ्या उशीखाली येत होतं, अप्पा. आणि तुम्ही खुर्ची टाकून समुद्र बघत होतात.

सूर्यकांत : मला गप्प राहायला सांगितलं होतं.

नयना : कुणी?

सूर्यकांत : विचार त्याला.

मकरंद : ते जाताना ना... अप्पा त्या कॉफीवाल्याशी किती वेळ बोलत बसले होते. मी एवढंच म्हटलं, प्रत्येक गोष्टीत पडू नका, जस्ट रिलॅक्स.

सूर्यकांत : ‘आता आमच्याकडंच राहायला येताय, तर सवय करा’, हे पुढचं सांगायचं राहिलं तुझं.

नयना : असं म्हणालास तू?

मकरंद : त्या टोनमध्ये नाही.

नयना : शी. माशांची नाही, आता तुमची किळस येतेय मला. दोघांची. एकानं म्हाताऱ्या माणसाचं तोंड बंद करायचं, आणि दुसऱ्यानं त्याचं उट्टं काढायला नातीला घाणीत झोपू द्यायचं.

सूर्यकांत : उट्टं नव्हे ग. बघत होतो, जमतंय का. जन्मभर कारखान्यात माणसांना ओरडून सांगत आलो. तुमच्याकडं राहायचं तर तोंड मिटून राहायला हवं. जमलं की. पण मग वास हा असा येतो.

नयना : माझ्याशी बोलू नका आत्ता.

सूर्यकांत : मकरंद, मला राजाजीनगरलाच, माझ्या घरी सोड. तुमचं सर्जापूर रोडचं घर नको.

नयना : आणि परत न्हाणीत घसरलात म्हणजे? दूधवाल्यानं हाक ऐकली म्हणून निभावलं तेव्हा. रोज सकाळी तुम्ही फोन उचलेपर्यंत माझा चहा घशाखाली उतरत नाही, अप्पा.

सूर्यकांत : तिथं हाक तरी मारता येते.

मकरंद : पुढे फ्लायओव्हर आहे. वरून घेऊ की खालून?

सूर्यकांत : तुझा फोन सांगेल की.

मकरंद : फोन बंद केलाय. तुम्ही सांगा.

सूर्यकांत : ...खालून घे. वर सगळे ट्रक अडकलेले असतात.

मकरंद : आणि मग?

सूर्यकांत : मग राजाजीनगरच. ही घाण तुमच्या बाल्कनीत नेलीत तर अख्खी बिल्डिंग भांडायला येईल. माझी गच्ची आहे. तिथं धुऊ, वाळवू. तंबू वाळला की माझी बॅग भरायला घेऊ.

नयना : या हवेत? कधी वाळायचा तो?

सूर्यकांत : वाळेल तेव्हा वाळेल. तोवर तुम्हीही राहा.

नयना : आणि धुणार कोण? मी बोट लावणार नाही त्याला.

सूर्यकांत : मकरंद धुईल. मी शेजारी खुर्ची टाकून बसतो.

नयना : गप्प?

सूर्यकांत : ते त्याला विचार.

मकरंद : आधी आतून धुवायचा की बाहेरून, अप्पा?