सुभेदारकाकांच्या रायफलचा स्क्रू

माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं तेरावं परवाच झालं. तुम्ही त्याचं वर्कशॉप पाहिलंत, हात पाहिला नाहीत, म्हणून सांगतो.

अमरगोळचे सुभेदारकाका लष्करानं काढून टाकलेली जुनी रायफल घेऊन आले. लायसनसाठी लाकडाखालचा नंबर दाखवायचा होता, आणि ते लाकूड धरणारा स्क्रू तसूभर हलत नव्हता.

"मोडला तर दुसरा मिळायचा नाही. नंबर दिसला नाही तर रायफल जमा करून घेतील," काका म्हणाले.

मी सरळ हातोडा उचलला.

"ठेव तम्मा! खुंटा ठोकतोयस काय?" अण्णा ओरडला. धाकटा म्हणून तो मला कानडीत तम्माच म्हणायचा.

अण्णानं खाचेत नख घातलं, वास घेतला आणि हसला. "काका, हा गंज नाही. खंडेनवमीला हळदकुंकू वाहता ना?"

"दरवर्षी! तेलात कालवून!"

"तेच आत वाळून बसलंय," म्हणत अण्णानं स्क्रूवर तापलेली सोल्डरिंग गन धरली. लाल थेंब पाझरला. मग सोडवायच्या आधी त्यानं स्क्रू केसभर आवळला. कट्ट! अख्खा स्क्रू बाहेर आला, खाचही चरली नव्हती.

काकांनी त्याचे काळे हात धरून आपल्या कपाळाला लावले.

अण्णा कानडी हेलात म्हणाला, "काका, कुंकूसुद्धा असंच कपाळाला लावायचं री, सांध्यात नाही भरायचं."